बोटांची स्मृती आणि गणिताची लिपी

वृत्तशास्त्राशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठ असतेच. या सूत्राची गंमत अशी की ते गणांची केवळ यादी देत नाही, गण स्वतः उच्चारून दाखवते. ‘य’पासून तीन अक्षरे घेतली की ‘यमाता’ मिळते. लघु, गुरू, गुरू. हाच यगण. ‘न’पासून तीन अक्षरे घेतली की ‘नसल’. तिन्ही लघु, म्हणजे नगण. नाव आणि वस्तू येथे एकच झाली आहेत, आणि म्हणूनच शाळा सुटून कित्येक वर्षे लोटली तरी हे सूत्र विसरत नाही. स्मरणसूत्र चांगले की वाईट हे ठरवण्याची याहून उत्तम कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

याच कसोटीवर आम्हांला येथे एक वेगळाच विषय तपासून पाहायचा आहे. संगणकावर गणिताची समीकरणे लिहिण्यासाठी गेल्या अर्धशतकात जी साधने निर्माण झाली, त्यांत अपूर्णांकासाठी कोणती कळ, वर्गमूळासाठी कोणती, अनंताच्या चिन्हासाठी कोणती, हे कोणीतरी केव्हातरी ठरवले. वरकरणी ही बाब तांत्रिक वाटते. परंतु कोणत्या वस्तूला कोणत्या अक्षराने हाक मारायची हा प्रश्न मुळात नामकरणाचा, म्हणजेच भाषेचा आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहण्यास काहीच हरकत नसावी.

प्रथम अडचण कोठे होती ते पाहू. गद्य आणि पद्य दोन्ही ओळीत चालतात. एक अक्षर संपले की दुसरे. गणित मात्र ओळ सोडून वरखाली फिरते. घातांक वर चढतो, निर्देशांक खाली उतरतो, छेद अंशाच्या पायाशी बसतो, वर्गमूळाचे चिन्ह साऱ्या राशीवर छप्पर धरते. जुन्या छापखान्यांत खिळे जुळवणाऱ्याला हे काम अत्यंत जिकिरीचे वाटे, आणि इंग्रजी छापखान्यांत अशा मजकुराला दंडाचा मजकूर म्हणत, कारण त्याची मजुरी जास्त पडे. १९६१ मध्ये आयबीएमचा सिलेक्ट्रिक टंकलेखक आला. त्यातील अक्षरांचा गोळा बदलता येत असे. तेव्हा टंकलेखिका इंग्रजी मजकूर टंकून झाला की गोळा काढी, चिन्हांचा गोळा बसवी, एक चिन्ह उमटवी आणि पुन्हा पहिला गोळा लावी. गणिताचा प्रबंध जिने टंकला तिचे नाव बहुधा ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत सापडते. तिचे श्रम मात्र प्रत्येक पानावर असतात.

या टंकलेखिकांना डोळ्यांसमोर ठेवूनच पहिला महत्त्वाचा प्रयत्न झाला. अमेरिकेत न्यू जर्सी येथील बेल प्रयोगशाळेत ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी यांनी ‘ईक्यूएन’ नावाची आज्ञावली रचली आणि १९७५ मध्ये तिच्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. गणितही येत नाही आणि मुद्रणकलाही येत नाही अशा माणसाला ती सहज शिकता यावी, हे त्यांचे उद्दिष्ट होते. त्यासाठी त्यांनी जी युक्ती योजली ती साधी आणि खोल होती. समीकरण मोठ्याने वाचताना जे शब्द तोंडी येतात तेच टंकायचे. अपूर्णांकासाठी अंश, मग ‘ओव्हर’, मग छेद. बेरजेच्या चिन्हासाठी ‘सम’, आणि त्याच्या खालच्या-वरच्या मर्यादांसाठी ‘फ्रॉम’ आणि ‘टू’. कर्निघन अंध विद्यार्थ्यांसाठी तांत्रिक पुस्तकांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून वाचन करीत असत, आणि गणित तोंडाने कसे सांगायचे याचा तो सराव या रचनेत उतरला. गणिताच्या टंकनाचा हा पहिला मोठा धडा डोळ्यांनी दिलेला नाही, कानांनी दिलेला आहे, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉनल्ड कनूथ यांच्या हाती त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. नव्या यंत्राने जुळवलेली ती पाने त्यांना इतकी कुरूप वाटली की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची आज्ञावली लिहावयास घेतली. तीच ‘टेक्’. टेक्‌मध्येही शब्दच आहेत, पण प्रत्येक आज्ञेपूर्वी उलटी तिरपी रेघ असते, जेणेकरून गद्यातला ‘अल्फा’ हा शब्द आणि अल्फा हे चिन्ह यांची गल्लत होऊ नये. ‘ओव्हर’ हा शब्द मूळ टेक्‌मध्येही आहे. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात टेक्‌वर ‘लाटेक्’चा मजला चढवला, तेव्हा मात्र अपूर्णांकाचे नाव आधी आणि अंश-छेद नंतर असा क्रम रूढ झाला. बोलण्याच्या क्रमाची जागा येथे आज्ञेच्या क्रमाने घेतली. यंत्राला ते सोयीचे होते, आणि गणितज्ञांनी ती सवयही लावून घेतली.

या दोन्ही साधनांत एक गोष्ट समान होती. लिहिताना पडद्यावर समीकरण दिसत नसे, त्याचे वर्णन तेवढे दिसे. १९८७ मध्ये डिझाइन सायन्स या अमेरिकी संस्थेने मॅकिंटॉशसाठी ‘मॅथटाइप’ आणले. त्यात समीकरण जसे छापले जाणार तसेच पडद्यावर उमटू लागले. त्याचीच एक लहान आवृत्ती मायक्रोसॉफ्टने ‘इक्वेशन एडिटर’ या नावाने वर्डसोबत दिली, आणि जगभरच्या शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका तिच्यावर तयार होऊ लागल्या. वरच्या पट्टीत चिन्हांची चित्रे मांडलेली असत. माउसने चित्र निवडले की रिकाम्या चौकटी उघडत. नवशिक्याला हे सुखाचे होते. परंतु दिवसाला शंभर समीकरणे लिहिणाऱ्याचा हात दर वेळी कळफलक सोडून माउसकडे जाऊ लागला की विचाराचा धागा तुटतो. म्हणून शॉर्टकट हवे होते, आणि ते लक्षात राहण्यासारखेही हवे होते.

येथे रचनाकारांपुढे जी अडचण उभी राहिली ती कोशकारांच्या ओळखीची आहे. चिन्हे शेकडो, अक्षरे फक्त सव्वीस. त्यातही कंट्रोलबरोबरची मोक्याची अक्षरे आधीच वाटली गेली होती. कंट्रोल-सी म्हणजे नक्कल, कंट्रोल-एस म्हणजे जतन, कंट्रोल-पी म्हणजे छपाई. तेव्हा ‘सम’साठी एस मिळेना, ‘प्रॉडक्ट’साठी पी मिळेना. मॅथटाइपने उरलेल्या अक्षरांतून निवड केली. कंट्रोल-एफ अपूर्णांकासाठी, कारण इंग्रजी ‘फ्रॅक्शन’; कंट्रोल-आर मूळासाठी, कारण ‘रूट’ आणि ‘रॅडिकल’ दोन्ही; कंट्रोल-आय संकलनासाठी, कारण ‘इंटिग्रल’. घातांकासाठी ‘सुपरस्क्रिप्ट’ आणि निर्देशांकासाठी ‘सबस्क्रिप्ट’ हे दोन्ही शब्द एसनेच सुरू होतात आणि एस तर गेलेला. तेव्हा रचनाकारांनी पारिभाषिक शब्द सोडून साधे शब्द घेतले. वरच्यासाठी ‘हाय’चा एच, खालच्यासाठी ‘लो’चा एल, आणि दोन्ही एकदम हवे असतील तर ‘जॉइंट’चा जे. परिभाषा अडली तेव्हा बोलीने वाट दाखवली, असे म्हणता येईल.

तरीही अक्षरे पुरेनात. मग उपसर्गाची कल्पना आली. कंट्रोल-जी दाबले की पुढचे अक्षर ग्रीक होते, कारण जी म्हणजे ‘ग्रीक’. कंट्रोल-टी नंतर एस दाबले की बेरजेची मोठी चौकट. कंट्रोल-के नंतर आय म्हणजे अनंत, ई म्हणजे ‘चा घटक’ हे चिन्ह, आणि शिफ्ट धरून ई दाबले तर ‘चा घटक नाही’. आधी जात सांगायची आणि मग व्यक्ती. धातू एक असतो, उपसर्ग बदलला की ‘आहार’, ‘विहार’, ‘संहार’, ‘प्रहार’ असे निराळे अर्थ निघतात. तीच ही काटकसर. आठवण ठेवायची ती दोन-तीन उपसर्गांची आणि एका साध्या नियमाची. उरलेले आपोआप हाती येते.

ग्रीक अक्षरांची वाटणी तर फारच बोलकी आहे. अल्फाला ए, बीटाला बी, डेल्टाला डी. येथपर्यंत ध्वनीचे राज्य. परंतु थीटाला टी देता येईना, कारण तो टाऊने घेतला. मग तिला क्यू मिळाला. ओमेगाला डब्ल्यू मिळाला, कारण लहान ओमेगा दिसतोच डब्ल्यूसारखा. ही वाटणी संगणकावरच्या ‘सिंबल’ या चिन्हांच्या टंकातून आली. एकाच वर्णमालेत काही अक्षरे कानाने ओळखायची आणि काही डोळ्यांनी, अशी ही मिश्र व्यवस्था आहे. तिची तक्रार फारशी कोणी केली नाही, कारण मनुष्याची स्मृतीही अशीच मिश्र असते.

डोळ्यांच्या बाजूने विचार करणारी साधनेही पुढे आली. जर्मनीत मतियास एट्रिख या विद्यार्थ्याने १९९५ मध्ये ‘लिक्स’ नावाची आज्ञावली सुरू केली. तिच्यात गणिताचा उपसर्ग ऑल्ट-एम. त्यानंतर ८ हा आकडा दाबला की अनंताचे चिन्ह येते. आठ आडवा केला की ∞ होतो, हे सांगण्यास कोणत्याही भाषेची गरज नाही. फ्रान्समध्ये योरिस फान डेर हूफेन यांनी रचलेल्या ‘टेक्‌मॅक्स’ने ही दृष्टी आणखी पुढे नेली. तेथे वजाचे चिन्ह आणि मग ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह टंकले की त्या दोहोंचा बाण बनतो. @ नंतर अधिकचे चिन्ह दिले की वर्तुळातले अधिक उमटते, कारण @ भोवती वर्तुळ आहेच. आणि ए टंकून टॅब दाबले की अल्फा येतो. टॅबचा अर्थ येथे एवढाच, की ‘याच्यासारखे दुसरे काही दाखव’. चिन्ह जणू त्याच्या अवयवांतून बोटांनी चितारायचे.

या साऱ्याकडे दुरून पाहिले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. गणिताची चिन्हेदेखील मुळात स्मरणसूत्रेच होती. लाइब्निट्झने १६७५ मध्ये संकलनासाठी जे ∫ चिन्ह योजले ते ‘सुम्मा’, म्हणजे बेरीज, या लॅटिन शब्दाचे लांबवलेले आद्याक्षर आहे. ऑयलरने १७५५ मध्ये बेरजेसाठी ग्रीक सिग्मा घेतला तोही त्याच ध्वनीसाठी. रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये समतेसाठी दोन समांतर रेघा घेतल्या, कारण त्यांहून अधिक सारख्या दोन वस्तू त्याला सुचेनात. पहिली दोन चिन्हे कानासाठी, तिसरे डोळ्यांसाठी. कालांतराने शब्द विसरला गेला आणि चिन्ह उरले. कळफलकाच्या रचनाकाराला त्या चिन्हासाठी पुन्हा एक अक्षर शोधावे लागले, आणि त्याने आयची निवड केली. मूळ एस होता हे कोणाच्या ध्यानीमनीही नसावे. चिन्ह एका शब्दाचे स्मारक, आणि कळ दुसऱ्याच शब्दाची.

भारतीय परंपरेत ही वाट आणखी जुनी आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील बीजगणितात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि तिचे चिन्ह ‘या’. आणखी अज्ञात राशी असतील तर त्यांना रंगांची नावे, कालक, नीलक, पीतक, आणि त्यांची चिन्हे ‘का’, ‘नी’, ‘पी’. ज्ञात संख्येला ‘रूप’, म्हणून ‘रू’. वर्गाला ‘व’, घनाला ‘घ’. ‘या ३ रू ५’ हे लिखाण ज्याला संस्कृत येते त्याला पाठ करावे लागतच नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर भास्कराचार्यांचे शॉर्टकट त्यांच्या स्वतःच्या भाषेत होते. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिल्याचा उल्लेख चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. त्या मठातल्या विद्यार्थ्याला ‘व’ म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागले नसेल.

आता हाच प्रश्न मराठी माध्यमाच्या आजच्या विद्यार्थ्यापुढे ठेवून पाहा. त्याच्या पुस्तकात अपूर्णांक आहे, वर्गमूळ आहे, घातांक आहे. कंट्रोल-एफ हे त्याच्यासाठी स्मरणसूत्र नाही. तो एक पाठ करण्याचा निरर्थक संकेत आहे. ज्याची भाषा इंग्रजी, त्याला अर्थ फुकट मिळतो. ज्याची नाही, त्याला तोच अर्थ घोकंपट्टीने विकत घ्यावा लागतो. ‘सोपे’ असे म्हणताना कोणासाठी सोपे, हे विचारण्याची सवय आपण साहित्यात लावून घेतली आहे. ती येथेही लावावयास हवी.

याला उपाय म्हणून शॉर्टकटचे भाषांतर करावे का? काही भाषांनी ते केले आहे. स्पॅनिश वर्डमध्ये जतन करण्यासाठी कंट्रोल-जी आहे, कारण ‘ग्वार्दार’. ठळक अक्षरांसाठी कंट्रोल-एन, कारण ‘नेग्रिता’. त्यामुळे शिकणे सोपे झाले, पण त्याच माणसाचा हात दुसऱ्या देशातल्या संगणकावर अडखळू लागला. स्मृती भाषेत रुजवली तर ती भाषेच्या सीमेपाशी थांबते, आणि भाषेबाहेर ठेवली तर तिला रुजायला माती मिळत नाही. या पेचातून पूर्ण सुटका नाही, असे आम्हांला वाटते.

परंतु अक्षरांच्या पलीकडे क्रमाचाही प्रश्न आहे, आणि तेथे मराठीला काही निराळे सांगता येते. ‘दोन छेद तीन’ म्हणताना आपण ईक्यूएनच्याच क्रमाने बोलतो. वर्गमूळाचे मात्र उलट आहे. इंग्रजीत आधी मूळ आणि मग राशी. मराठीत आधी राशी, मग षष्ठीचा प्रत्यय आणि शेवटी ‘वर्गमूळ’. ‘दोनचे वर्गमूळ’, ‘या साऱ्याचे वर्गमूळ’. आधी आज्ञा आणि मग वस्तू हा लाटेक्‌चा क्रम आपल्या जिभेला उफराटा आहे. मॅथटाइपमध्ये एक दुसरीही रीत होती. आधी राशी लिहावी, ती निवडावी आणि मग कंट्रोल-आर दाबावे. वर्गमूळाचे छप्पर तिच्यावर येऊन बसते. ही रीत मराठी वाक्याच्या चालीची आहे, हे तिच्या रचनाकारांना ठाऊक असण्याचे कारण नाही. शिकवणाऱ्यांना मात्र ते ठाऊक असावे.

अक्षरांच्या बाबतीतही सारेच हातचे गेलेले नाही. देवनागरीसाठी इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये जो इन्स्क्रिप्ट कळफलक आखला, त्याची स्मृती इंग्रजी अक्षरांवर उभी नाही, वर्णमालेवर उभी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. ‘क’च्या कळीवर शिफ्ट धरले की ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. आता इन्स्क्रिप्टवर ज्याची बोटे बसली आहेत त्याने मॅथटाइपच्या कळा आपल्या नजरेने पाहाव्यात. अपूर्णांकाची एफ ही त्याच्यासाठी ऱ्हस्व वेलांटीची कळ आहे, आणि वर्गमूळाची आर ही दीर्घ वेलांटीची; √ हे चिन्हही राशीवर वेलांटीसारखेच झुकलेले. खालच्या निर्देशांकाची एल ही ‘त’ची कळ आहे, म्हणजे ‘तळ’. हे सारे योगायोग आहेत, त्यांत कोणाचीही योजना नाही. पण स्मृतीला योजना लागत नाही, धरायला एक कोपरा लागतो. वर्गात एका शिक्षकाने ‘तळ’ म्हणून सांगितले की पुढच्या साऱ्या वर्गाची अडचण मिटते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. २००० साली तयार झालेल्या इक्वेशन एडिटरच्या आज्ञावलीत सुरक्षेचे गंभीर दोष २०१७ मध्ये उघडकीस आले, आणि जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वर्डमधून काढूनच टाकली. २००७ पासून वर्डमध्ये मरी सार्जंट यांनी आखलेली नवी पद्धत होतीच. तीत ऑल्टसह बरोबरचे चिन्ह दाबून गणिताचा प्रदेश उघडायचा आणि समीकरण सरळ ओळीत लिहीत जायचे. अंश, तिरपी रेघ, छेद आणि मग रिकामी जागा दिली की अपूर्णांक आपोआप उभा राहतो. ही पद्धत ईक्यूएनच्या वळणाची आहे. कागदावर हाताने ओळीत लिहिताना जे लिहू तेच येथे टंकायचे. तरीही ज्यांनी पंधरा-वीस वर्षे जुन्या कळांवर प्रश्नपत्रिका लिहिल्या, त्यांची बोटे काही काळ त्याच जागी जात राहिली असणार. जुने दस्तऐवज उघडत, समीकरणे दिसत, पण पूर्वीच्या साधनाने त्यांत बदल करता येत नसे. पाठांतर शिल्लक आणि ग्रंथ मात्र कुलुपात, अशी ती अवस्था होती.

असो. कर्निघन आणि चेरी यांनी गणित वाचणाऱ्या माणसाचे बोलणे ऐकले आणि त्यातून एक लिपी घडवली. ते बोलणे इंग्रजी होते. मराठीत गणित मोठ्याने कसे वाचले जाते, कोणत्या शब्दांत, कोणत्या क्रमाने, कोठे थांबून, याची नोंद आपल्या भाषेच्या अभ्यासकांनी घेतली, तर ते काम एकट्या गणिताचे राहणार नाही. निदान आपल्या शेजारच्या वर्गात गणिताचे शिक्षक फळ्यावर लिहिता लिहिता जे बोलत असतात, ते एकदा कान देऊन ऐकावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.